शिसारीचं माप

"हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर तुमचं डोकं तपासायला मीच घेऊन जाईन."

अशी मी सुरुवात केली, तेव्हा टॉइवोने पॅनकेकचा तुकडा तोंडापाशी नेता नेता थांबवला आणि मार्लीनकडे पाहिलं. टॉइवो बंदरावरच्या धान्याच्या कोठारात छत्तीस वर्षं राबलेला माणूस. इस्पितळातलं त्याला ओ की ठो कळत नाही, म्हणून माझ्या गोष्टींना तो फार चांगला श्रोता आहे. मार्लीनचं तसं नाही. मार्लीन प्रोकोपचुक आमच्या आयसीयूत नर्स होती, मी तिथे व्हेंटिलेटर सांभाळायचो, आणि एकाच खाटेच्या दोन बाजूंना आम्ही सव्वीस वर्षं उभे राहिलो. आता दोघंही निवृत्त. दर गुरुवारी सकाळी फिनिश सभागृहाच्या तळघरात आम्ही तिघं न्याहारीला बसतो. मी बोलतो, टॉइवो खातो, मार्लीन लोकरीचे मोजे विणते.

"खा रे तू," मार्लीन त्याला म्हणाली. "याच्या गोष्टीत पहिला खरा शब्द यायला अजून अवकाश आहे."

"मार्लीन साक्षीला आहे," मी म्हणालो. "आमच्या इस्पितळात शिसारी मोजायचं यंत्र आलं होतं."

"फॉर्म आला होता."

"आधी फॉर्म आला, मग यंत्र. अगं, मला क्रमाने सांगू तरी दे."

फॉर्म घेऊन आला तो टोरोंटोचा एक विद्वान, डॉक्टर फॅरो. सडपातळ, जिना उतरतानासुद्धा पायरीची माफी मागेल असा माणूस. त्याने आम्हा सगळ्यांना बिनखिडकीच्या सभाखोलीत बसवलं आणि समजावून सांगितलं, की काय करणं योग्य आहे हे माणसाला पक्कं ठाऊक असतं आणि तरी त्याच्या हातून उलटंच करवून घेतलं जातं, तेव्हा त्याच्या आत जे साठत जातं त्याला नैतिक क्लेश म्हणतात. माझी आई त्याला दुधात माशी दिसत असताना दूध प्यावं लागणं म्हणायची. आई लाकूडतोड्यांच्या छावणीत भाकऱ्या भाजायची, तिला कुणी टोरोंटोला बोलावलं नाही.

फॉर्मवर एकवीस वाक्यं होती. 'उपयोग नाही हे दिसत असूनही उपचार चालू ठेवावे लागले.' 'घरच्यांना खोटी आशा दाखवली जात असताना गप्प बसावं लागलं.' प्रत्येक वाक्यापुढे दोन चौकटी. पहिलीत लिहायचं, असं कितीदा घडतं: शून्य ते चार. दुसरीत, त्याचा किती त्रास होतो: शून्य ते चार. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि एकवीस गुणाकारांची बेरीज. ती तुमची शिसारी.

"एवढं सोपं?" टॉइवोने विचारलं.

"एवढं सोपं. आणि वर प्रत्येकाला एकेक रबरी हृदय."

"कशाला?"

"दाबायला. त्रास झाला की खिशातून काढायचं आणि दाबायचं. आमच्या मॅनेजर होत्या ब्रॉनविन मॅडम, त्यांची कल्पना. लाल रंगाचं, मुठीएवढं, आणि त्याला नव्या टायरचा वास. दोन दिवस खिशात ठेवलं की ते चिकट व्हायचं. आठवडाभराने माझ्या खिशातून बाहेर आलं तेव्हा त्याला केस, कागदाचे कपटे आणि अर्धी खोकल्याची गोळी चिकटलेली होती. मी ते कचऱ्यात टाकलं. सफाईवाल्याने 'तुमचं हृदय पडलं होतं' म्हणून परत आणून दिलं."

"हे खरं आहे," मार्लीन म्हणाली. "माझंही असंच परत आलं."

पंधरा दिवसांनी निकाल लागला. ब्रॉनविन मॅडम सभाखोलीत आल्या त्या जवळजवळ नाचतच. सगळ्या विभागांत सर्वांत कमी क्लेश आमच्या आयसीयूत! नुसता कमी नाही, जवळपास नाहीच. बाळंतपणाच्या विभागात, जिथे लोक आनंदाने रडतात, तिथेसुद्धा आमच्या वीसपट निघाला होता.

टॉइवो गोंधळला. "पण तू तर म्हणतोस, तिथे रोज किळस येण्यासारखं काही ना काही चालायचं."

"रोज. पहिल्या चौकटीत आम्ही सगळ्यांनी चारच लिहिलं होतं."

"मग?"

"दुसरीत शून्य. चार गुणिले शून्य किती, टॉइवो?"

"शून्य."

"बघ. तुला येतं. त्यांनाही तेवढंच येत होतं."

टॉइवोने काटा खाली ठेवला. आमच्या टेबलावर हे फार क्वचित घडतं. "रोज घडतं आणि वाटत काहीच नाही? असं कसं लिहिलंत तुम्ही? घाबरून?"

मार्लीनने टाके मोजले, मग मान वर केली. "घाबरून नाही. मी पहिली चौकट भरली. दुसरीवर पेन टेकवलं आणि थांबले. आत हात घालून पाहिला. काहीच लागलं नाही हाताला. खोटं कशाला लिहू? शून्य लिहिलं." आणि ती परत विणायला लागली.

मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्या शून्यावर उभं आहे. ज्यांना अजून मळमळत होतं त्यांच्या बेरजा मोठ्या आल्या, आणि ज्यांची मळमळ मरून गेली होती त्यांना बक्षीस मिळालं.

बक्षीस म्हणजे पर्शियन. आमच्या गावात लग्न असो की मयत, पर्शियन येणारच: तळलेला गोड पाव आणि त्यावर बेरींचा गुलाबी साखरलेप, बोटभर जाड. सहा डझन आणले. आयसीयूच्या बोळात जिथे जागा रुंद होती तिथे टेबल मांडलं, वर कापडी फलक: 'शांत मनाचा विभाग'. आता बोळ नेमका रुंद कुठे होता? सात नंबरच्या खोलीसमोर. आणि सात नंबरमध्ये होता आर्वो कंगास.

आर्वोला टॉइवो ओळखत होता. अर्धं गाव ओळखत होतं. ओंडके वाहणारा ट्रक त्याने चाळीस वर्षं चालवला, आणि एवढ्या वर्षांत बोलला असेल एका पोस्टकार्डावर मावेल एवढं. एकोणऐंशीव्या वर्षी पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली म्हणून त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रियेआधी त्याने एक कागद लिहून, सही करून, बायकोच्या हाती दिला होता. मजकूर एवढाच: 'बिघडलं तर मशीन नको. आयलीला त्रास देऊ नका.' आयली म्हणजे त्याची बायको.

बिघडलं. मूत्रपिंडं गेली, मग फुप्फुसं भरली, मग पायाची बोटं काळी पडली. आणि आर्वो मशीनवरच होता. पर्शियन आले तो त्याचा सतरावा दिवस.

तर बाहेर ब्रॉनविन मॅडमचं भाषण चाललेलं, आणि आत मी आणि मार्लीन आर्वोच्या नळीतून कफ ओढत होतो. डबक्याच्या तळाचं उरलेलं पाणी कुणी नळीने ओढून प्यावं, तसा तो आवाज असतो. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मनाची ही शांती," घर्रर्र. "साऱ्या इस्पितळाला," घर्रर्र. "आदर्श ठरावी." आर्वोचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जात होतं. मॅडमनी एकदा आत पाहिलं, गोड हसल्या आणि काचेचं दार लोटून घेतलं. हाताला लेप लागला होता. काचेवर चार गुलाबी बोटं उमटली.

"पाच," मार्लीन म्हणाली. "अंगठाही होता."

"बरं, पाच. ती बोटं तीन दिवस तिथेच राहिली. काच पुसणं सफाईवाल्यांचं काम की नर्सचं, यावर पत्रव्यवहार चालू होता. चौथ्या दिवशी आयलीने आपला रुमाल थुंकीने ओला केला आणि पुसून टाकली. मग तोच रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला."

"मला आत्ता खायचं होतं," टॉइवो म्हणाला.

"खा की. आम्ही नाही का खाल्ले? मी हातमोजे काढले, बाहेर गेलो आणि एक पर्शियन खाल्ला. अजून गुलाबी काही दिसलं की तो घर्रर्र ऐकू येतो मला."

"दोन खाल्लेस," मार्लीन म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, कागद होता, सही होती, मग आर्वो मशीनवर का? त्याचं उत्तर म्हणजे डॉक्टर ग्रँथम. पांढरेशुभ्र दात, चालताना बुटांच्या रबरी तळव्यांचा आवाज, आणि हात मात्र खरोखर सोन्याचे. खोटं कशाला बोलू. पण शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांची एक मोजणी असते. शस्त्रक्रियेपासून तीस दिवसांच्या आत माणूस गेला, तर तो डॉक्टरच्या नावावर मांडतात. एकतिसाव्या दिवशी गेला, तर देवाच्या. त्या वर्षी ग्रँथमच्या नावावर आधीच जास्त माणसं झाली होती. आणखी एक झाला असता तर चौकशी लागली असती.

हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून कोण दाखवतं? तो रोज सकाळी यायचा, आर्वोच्या काळ्या बोटांवरचं पांघरूण नीट करायचा आणि आयलीला म्हणायचा, "मंगळवारपर्यंत पाहू या." मंगळवार आला की, "शुक्रवारपर्यंत." तिने एकदा पर्समधून कागद काढला. तो म्हणाला, "आजी, हा कागद आजारपणासाठी असतो. शस्त्रक्रियेनंतर नाही. आर्वोने शस्त्रक्रियेला हो म्हटलं होतं ना? मग आता मधेच पाठ फिरवायची?" आयलीने कागद परत ठेवून दिला. त्या पिढीतली बाई, डॉक्टर खोलीत आले की खुर्चीवरून उठून उभी राहणारी.

आणि ग्रँथमच्या नजरेसमोर आम्ही सगळे रोज फळ्यावर आर्वोच्या नावापुढे दिवसाचा आकडा खोडून नवा लिहायचो. एकोणीस. वीस. एकवीस. आकडा कशासाठी लिहायचा ते सगळ्यांना ठाऊक. कुणीही काही बोलायचं नाही.

"आता यंत्र," मी म्हणालो.

"आलं यंत्र," मार्लीन टॉइवोला म्हणाली. "आता तुला खायला हरकत नाही."

डॉक्टर फॅरो मूर्ख नव्हता. शून्यांचा ढीग पाहून तो बिचारा पांढरा पडला. टोरोंटोला जाऊन तीन रात्री झोपला नाही म्हणे, आणि परत आला तो एक पेटी घेऊन. माणसाला आत हात घालून काही सापडत नसेल, तर बाहेरून मोजू या, असा त्याचा विचार. पेटीत काचेच्या नळ्या होत्या, करंगळीएवढ्या, आत लाल द्रव. मनगटावर पट्टीने बांधायच्या. माणसाला किळस आली की द्रव चढणार. माणूस मान्य करो न करो.

पहिल्या दिवशी सफाईवाल्याची नळी ब्रॉनविन मॅडमच्या दारावरून जाताना चहाच्या किटलीसारखी शिट्टी वाजवायला लागली. तेव्हापासून मॅडम कुठे आहेत हे साऱ्या मजल्याला कळायचं. औषधं वाटणाऱ्या पोरीच्या नळीतला द्रव इतका उकळला, की तिने त्यावर अंडं उकडून खाल्लं. मॅडमची स्वतःची नळी? त्यांनी ती उलटी बांधली होती आणि रोज उतरता आकडा पाहून खूश व्हायच्या.

"अंडं जरा जास्त झालं," मार्लीन म्हणाली.

"अर्धं कच्चं होतं, एवढंच कबूल करतो."

"आणि ग्रँथम?" टॉइवोने विचारलं. तो आता पुढे सरकून बसला होता.

"ग्रँथमच्या नळीवर बर्फ जमला. शून्याच्या खाली! काचेवर हिमकण. फॅरोने चष्मा काढून पुसला, परत पाहिलं. त्या नळीला हात लावला तर बोट चिकटायचं, जानेवारीत लोखंडी खांबाला जीभ चिकटावी तसं. एका शिकाऊ डॉक्टरचं बोट चिकटलं, तर त्याला पाच वर्षं ग्रँथमच्या मागे मागे फिरावं लागलं. आज तोही मोठा सर्जन आहे."

टॉइवो इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी वळून पाहिलं. मार्लीनसुद्धा हसली, सुया हातात धरूनच.

"आता हिची सांगतो. पंचविसावा दिवस. आर्वोचं अंग पुसायला आम्ही त्याला कुशीवर वळवलं. पाठीला जखम झाली होती, बशीएवढी. टॉइवो, तू कोठारात सडलेल्या धान्याचा वास घेतला असशील; हा त्याच्यापुढचा. मार्लीनने ती धुतली, भरली, झाकली. आर्वोचे डोळे उघडे होते. तोंडात नळी, हात पट्ट्यांनी बांधलेले, कारण हात मोकळे राहिले की तो नळी ओढायचा. दोनदा ओढली होती. दोन्ही वेळा मीच परत बसवली. त्याने मार्लीनकडे पाहिलं आणि डोक्याने नाही म्हटलं. डावीकडे, उजवीकडे. सावकाश. डोकं हलवणं तरी कोण बांधणार? आणि तेव्हा हिच्या मनगटावर ठाप्प! नळी फुटली. लाल द्रव छतापर्यंत उडाला. तीनदा रंग दिला त्यावर, अजून डाग दिसतो. जाऊन पाहा, सात नंबर, दिव्याच्या डाव्या बाजूला."

यावर मार्लीन काय म्हणते ते पाहायला मी थांबलो. ती म्हणाली, "डाग आहे खरा. पाइप गळत होता तिथला." मग पुढचा टाका घालत, "पण फुटलं ते खरं आहे. फुटलं असं म्हटलं तरी चालेल."

टॉइवोने विचारलं, "आणि तुझी, रेइनो? तुझ्या नळीत काय दिसत होतं?"

"माझी नळी सदोष होती. आत बुडबुडा अडकला होता."

"हो का," मार्लीन म्हणाली.

मी कॉफी मागवली. वाढणारी बाई येऊन तिन्ही पेले भरून गेली.

त्या पंचविसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मार्लीनने एक अर्ज लिहिला. आमच्या इस्पितळात एक सोय होती: रुग्णाच्या बाबतीत काही भलतं चाललं आहे असं वाटलं, तर नीतिसमितीची बैठक मागता येते. बैठक मागितली की चोवीस तासांत घरच्यांना सर्वांसमोर बोलू द्यावं लागतं, आणि त्या बैठकीत त्या रुग्णाच्या सर्जनला मत नसतं. म्हणजे आयलीने पर्समधला कागद काढून फक्त वाचून दाखवायचा; आर्वो त्याच दिवशी मोकळा. अट एकच: अर्जावर दोन सह्या हव्यात, आणि त्या दोन वेगळ्या कामांतल्या माणसांच्या. दोन नर्सेस चालत नाहीत. नर्सेस एकमेकींच्या भरीस पडतात, असं कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं.

"मग डॉक्टरची सही?" टॉइवोने विचारलं.

"ग्रँथमविरुद्ध? शिकाऊ डॉक्टरांना त्याच्याकडूनच शिफारस हवी असायची. व्हेंटिलेटरवाले आम्ही चार. दोघं नवे, अजून कायम झाले नव्हते. एक बाळंतपणाच्या रजेवर. राहिलो मी. एकतीस वर्षांची नोकरी, संघटनेचा सभासद, मला कुणी हलवू शकत नव्हतं. मार्लीन सामानाच्या खोलीत माझ्यापाशी आली. हातात अर्ज, वर तिची सही झालेली. म्हणाली, 'रेइनो, वाच आणि खाली सही कर.'"

"आणि?"

इथे मी पेला खाली ठेवला. गोष्टीला अशी एक जागा असते, तिथे सांगणाऱ्याने जरा ताठ बसायचं असतं.

"आणि मी वाचलंसुद्धा नाही. खिशातून पेन काढलं आणि सही ठोकली. एवढी मोठी, की समासाबाहेर गेली. म्हटलं, 'मार्लीन, एवढा उशीर का केलास?' अर्ज मी स्वतः वर नेऊन दिला. ब्रॉनविन मॅडमच्या हातात. त्या म्हणाल्या, 'रेइनो, शांत मनाच्या विभागात हे शोभतं का?' मी म्हटलं, 'मॅडम, शांत मनाने तर देतो आहे.'"

टॉइवोने टेबलावर थाप मारली. "शाबास, म्हाताऱ्या!"

"दुसऱ्या दिवशी बैठक. आयली निळा कोट घालून आली. उभी राहिली. कागद काढला, चष्मा शोधला, सापडला नाही, तर पाठच होता तिला. 'बिघडलं तर मशीन नको. आयलीला त्रास देऊ नका.' ग्रँथम खिडकीबाहेर बघत होता. समितीचे सात जण, साती हात वर. त्याच दुपारी, सव्विसाव्या दिवशी, मी स्वतः आर्वोच्या हातांच्या पट्ट्या सोडल्या. ही एका बाजूला, मी दुसऱ्या. मी नळी काढली. टॉइवो, तू विश्वास ठेवणार नाहीस. आर्वो खोकला, घसा खाकरला आणि म्हणाला, 'कॉफी.'"

"नाही!"

"'कॉफी.' आयलीने बशीत ओतून दिली. साखरेचा खडा दातांत धरून त्याने ती ओढली, आपले बाप प्यायचे तशी. खाट आम्ही खिडकीशी वळवली. सरोवरावरचा बर्फ नुकताच फुटला होता, हंगामातलं पहिलं जहाज बंदरात येत होतं. त्याने भोंगा दिला, तीनदा. आर्वोने बायकोचा हात धरला होता. भोंगा थांबला, आणि तोही थांबला. चेहरा असा, जसा घरी पोचलेल्या माणसाचा असतो."

टॉइवोचे डोळे भरून आले होते. आमचा टॉइवो, ज्याने कोठाराची शिडी कोसळून बरगड्या मोडल्या तेव्हा फक्त 'हं' म्हटलं होतं. त्याने रुमालाने नाक पुसलं आणि अगदी मनापासून विचारलं, "कुठलं जहाज होतं रे ते? मी कदाचित भरलं असेल."

मी जहाजाचं नाव आठवू लागलो. म्हणजे बनवू लागलो.

मार्लीनच्या सुया थांबल्या होत्या. कधी थांबल्या ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने अर्धा मोजा गुंडाळला, लोकरीच्या गुंड्यात सुया खुपसल्या आणि ते सगळं पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड बांधलं.

"अंडं उकडलं, चालेल," ती म्हणाली. "ग्रँथमवर बर्फ जमला, तोही चालेल, माझी हरकत नाही. दर गुरुवारी तू काय वाट्टेल ते सांग, मी ऐकत बसेन. पण हे खोटं आहे, रेइनो. बैठक झालीच नाही. सही तू केली नाहीस."

"अगं, गोष्टीत..."

"तू अर्ज वाचलास. दोनदा वाचलास. 'सोमवारी करतो' म्हणालास. मग शनिवारी पिकरेल मासे धरायचा हंगाम उघडणार म्हणून आठवडाभर रजा टाकलीस आणि तळ्यावर निघून गेलास. मी तुझ्या घरी फोन केला, चार वेळा केला. आर्वो एकतिसाव्या दिवशी गेला, सकाळी अकराच्या सुमाराला, नळी तोंडात, हात बांधलेले. आयली खाली गाडी लावायला गेली होती."